डाव्या हाताचा घास

पत्र: माझी आई ६६ वर्षांची. अकरा दिवसांपूर्वी सकाळी पूजा करताना देवघरासमोरच कोसळली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली असं सांगितलं. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं बंद झालं. 'हो' आणि 'अगंबाई' एवढेच दोन शब्द येतात. आता हॉस्पिटलवाले म्हणतात, 'दोन दिवसांत घरी न्या, फिजिओ चालू ठेवा.' भाऊ म्हणतो, महिनाभर रिहॅब सेंटरमध्ये ठेवू. साताऱ्याकडचे मामा म्हणतात, तिकडे लकव्याचं औषध देणारा एकजण आहे, घेऊन या. बाबा ७४ वर्षांचे. ते कुणाचंच ऐकत नाहीत. 'मी आहे ना, मी तिचं सगळं करीन' एवढंच म्हणतात. आई डाव्या हाताने जेवायला तयार नाही, त्यामुळे तेच तिला भरवतात. आमचा फ्लॅट धायरीत दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. घरी नेऊ की सेंटरमध्ये ठेवू? मला काही सुचत नाहीये.
— एक मुलगी, धायरी

उत्तर:

ताई,

तुमचा प्रश्न घर की सेंटर असा आहे आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती डाव्या हाताच्या घासापाशी. तिथूनच सुरुवात करते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अठ्ठावीस वर्षं पुण्यातच काम केलं आणि या अठ्ठावीस वर्षांत 'म्हणजे तुम्ही हाताच्या फिजिओ ना?' हे रोज ऐकलं. ढोबळ मानाने सांगायचं तर फिजिओ माणसाला उभं करतात, चालवतात. आम्ही त्याला पुन्हा जेवायला, अंघोळ करायला, साडी नेसायला, कुकर लावायला शिकवतो. उजवी बाजू गेलेल्या, तुमच्या आईच्या वयाच्या बायका पहिल्या आठवड्यात कशावर अडतात, तर याच गोष्टीवर. डावा हात धडधाकट असतो, पण तो ताटाला लावायचा नाही हे पाचव्या वर्षापासून अंगात मुरलेलं असतं. बोलता येत नाही, म्हणून त्या तोंड फिरवतात. घरच्यांना वाटतं भूक नाही, नाहीतर हट्ट चाललाय. मग कुणीतरी प्रेमाने भरवायला बसतं आणि दोन आठवड्यांत तीच पद्धत होऊन जाते.

यावर एक साधी युक्ती आहे. आईला खुर्चीत ताठ बसवा, पुढे टेबल घ्या. तिचा उजवा हात कोपरापासून टेबलावर ठेवा आणि त्याची बोटं ताटाच्या कडेला टेकवा. आता ताट 'धरलंय' उजव्या हाताने. डाव्या हातात चमचा द्या, थेट घास नको. चमच्याला विटाळ नसतो हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय मला ठाऊक नाही, पण माझ्या पेशंट बायकांनी ते बहुतेक वेळा मान्य केलंय. शिवाय उजवा हात ताटाशी राहिला की तो नजरेसमोर राहतो, नाहीतर तो मांडीवरून घसरून खाली लोंबत असतो. थोडं सांडेल, वेळ लागेल, वरण पदरावर पडेल. पडू दे.

बाबांना हे पटवणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. त्यांची माया खरी आहे, पण आई स्वतः जे करू शकते तेही ते करायला लागले की तिच्या मेंदूला ते पुन्हा शिकायचं कारणच उरत नाही. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. शेजारचे भाग ते काम हळूहळू उचलतात, आणि तेही पुन्हापुन्हा करायला लावलं तरच. बाबांना 'करू नका' म्हणू नका, दुखावतील. त्यांना काम द्या. तिने घास उचलला की मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि तोवर हात मागे ठेवायचा. ७४ वर्षांच्या नवऱ्याला हे भरवण्यापेक्षा अवघड जातं, मी बघितलंय.

आता डिस्चार्ज. हॉस्पिटल सोडतं ते जिवाचा धोका टळला म्हणून. हात, पाय आणि वाचेचा उपचार तर आता कुठे सुरू होतोय. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. मग वेग कमी होतो. सहा महिन्यांनंतरही सुधारणा होत राहते, पण ती मुंगीच्या पावलाने. म्हणून हे बारा आठवडे 'आधी घरी नेऊ, जरा स्थिरस्थावर झालं की बघू' यात घालवू नका. बहुतेकांना पाय आधी साथ देतो, मग खांदा आणि कोपर, बोटं सगळ्यात शेवटी. 'चालायला लागली पण हात काही येत नाही' असं दोन महिन्यांनी वाटलं, तर घाबरू नका आणि हाताचे व्यायामही सोडू नका.

या दोन दिवसांत हॉस्पिटलमधून काही गोष्टी पदरात पाडून घ्या. पहिली म्हणजे गिळण्याची तपासणी. ती झालीय का आणि तिच्यात काय निघालं, हे स्पष्ट विचारा. पक्षाघातानंतर गिळणं बिघडलं तर अन्नपाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात पेशंट परत भरती होतात, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. लोकांना वाटतं पातळ पदार्थ सोपे. उलट आहे. चहा, पाणी, ताक हेच सगळ्यात धोक्याचं, कारण ते घशात पटकन घरंगळतं. दुधात कुस्करलेली पोळी किंवा रस्साभाजी आणखी फसवी, कारण तोंडात पातळ आणि घट्ट एकाच वेळी येतं. त्यापेक्षा मऊ खिमटी, घट्ट वरणात कालवलेला मऊ भात, सैलसर शिरा बरा. पोहे, चुरमुरे, फरसाण सध्या अजिबात नको. घास गिळल्यावर तिला 'आ' म्हणायला लावा. आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला, घरघरता आला तर थांबा. ठसका लागला तरच अन्न चुकीच्या वाटेने गेलं असं नाही, कधीकधी ते गुपचूप जातं. जेवताना टीव्ही बंद, हनुवटी किंचित छातीकडे आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. शेवटी उजव्या गालात बोट फिरवून बघा, तिथे भात साठून राहिलेला असतो आणि तिला त्याचा पत्ता नसतो. दात घासणंही औषधासारखंच नेमाने करा, कारण घाण तोंडातली लाळ फुप्फुसात गेली की तिथे जंतू वाढतात.

दुसरी गोष्ट, तिला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं. हे कुणी करून दाखवलं की सोपं वाटतं. तुम्ही आणि बाबा दोघांनीही थेरपिस्टसमोर स्वतः करून बघितल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका. इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहत होतो. दिवसपाळीला ब्युरोच्या मावशी होत्या. कामाला चांगल्या, हाताला ताकद भरपूर. त्या वडिलांना बगलेत हात घालून उचलायच्या. मी सकाळी साडेआठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला यायची, आणि दिवसभर लोकांना खांदा कसा जपायचा ते शिकवायची. मावशींना मात्र सांगायचं राहिलं. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराशिवाय नुसता लटकत असतो, ओढला की गोळा वाटीतून खाली सरकतो. वडिलांचा खांदा आठ महिने दुखला. कूस बदलली की ते कण्हायचे. चूक मावशींची नव्हती.

म्हणून उजवा हात कुणीही कधीही ओढायचा नाही. उठवताना नाही, कपडे घालताना नाही, 'चल गं' म्हणून लाडाने तर मुळीच नाही. बसली की हाताखाली उशी. झोपेत दर दोन तासांनी कूस बदला. गाऊन किंवा ब्लाउज घालताना आधी उजवा हात, काढताना शेवटी उजवा. उजव्या बाजूला स्पर्श नीट कळत नसेल, तर अंघोळीचं पाणी तिच्या डाव्या हाताने बघून घ्या. गीझरच्या पाण्याने भाजलेले पाय मी बघितलेत.

आणि मेडिकलच्या दुकानातून मऊ चेंडू आणून तिच्या हातात देऊ नका. घरात येणारा प्रत्येकजण तो घेऊन येतो आणि 'दाब, दाब' म्हणतो. पक्षाघातानंतर हात मिटण्याकडेच ओढ घेतो, पुढे मूठ इतकी घट्ट होते की नखं तळव्यात रुततात. कष्ट पडतात ते हात उघडायला शिकवताना. हवं तर चेंडू नातवंडांना द्या.

बोलण्याबद्दल तुम्ही फक्त अर्धी ओळ लिहिली आहे, पण आईचा सगळ्यात मोठा कोंडमारा तिथेच असणार. याला वाचाघात म्हणतात. तिची बुद्धी गेलेली नाही. तिला कळतंय, निदान बरंचसं कळतंय, शब्द मात्र हाताला लागत नाहीत. लिहून दाखव म्हणून पाटी-पेन्सिल पुढे केली तर बहुधा तेही जमणार नाही, कारण लिहिणंही भाषेच्याच कोठारातून येतं. तिचं 'हो' हे प्रत्येक वेळी हो नसतं, कधी नाहीही असतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. 'चहा हवा की दूध?' असं नुसतं म्हणू नका, दोन्ही भांडी समोर धरा आणि तिची नजर बघा. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मोठ्याने तर अजिबात बोलू नका, तिचे कान ठणठणीत आहेत.

एक प्रयोग करून बघा. संध्याकाळी दिवा लावला की तिच्याशेजारी बसून आरती सुरू करा, किंवा 'बे एके बे' म्हणा, आणि मध्येच थांबा. पाठ झालेलं, चालीवरचं बोलणं मेंदूतून वेगळ्या वाटेने येतं. नवऱ्याचं नाव न सांगता येणाऱ्या बाईने तीसपर्यंतचे पाढे धडाधड म्हटलेले मी ऐकलेत. (शिव्याही याच वाटेने येतात. सोवळ्यात आयुष्य गेलेल्या एका आजींनी मला पहिल्याच भेटीत जी शिवी हासडली ती इथे छापता येणार नाही. त्यांची सून लाजेने लाल झाली, मी मात्र खूश झाले.) आरती म्हटली म्हणजे वाचा परत आली असं नाही, पण स्पीच थेरपिस्ट त्याच दोराला धरून पुढे काम करतात. स्पीच थेरपी फिजिओइतकीच गरजेची आहे आणि ती मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टकडेच हवी. धनकवडीला भारती विद्यापीठात वाचा-श्रवण शिकवणारा विभाग आहे, तुम्हाला जवळ पडेल. शिकवणाऱ्या संस्थांच्या ओपीडीत विद्यार्थी पेशंटला वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी सेंटरच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण तुमचा जिना. दुसऱ्या मजल्यावर तिला खुर्चीत बसवून चौघं वर नेतील, पण ती एकदा वर गेली की तीन महिने खाली उतरणार नाही. मग ओपीडी नाही, स्पीच थेरपी नाही, फक्त घरी येणारा फिजिओ आणि पाऊण तास व्यायाम. त्यापेक्षा तीन-चार आठवडे सेंटरमध्ये काढून, कुणाच्या तरी आधाराने जिना चढण्याइतकी झाली की घरी आणा. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, काठी नेहमी डाव्या हातात. कठडा कुठल्या बाजूला येतो ते घरी आजच बघून या आणि सेंटरच्या फिजिओला सांगा. त्याप्रमाणे सराव करून घेता येतो.

मात्र सेंटर निवडताना भावाला नुसत्या वेबसाइटवर सोडू नका. न सांगता, सकाळी अकरा वाजता जा. त्या वेळी किती पेशंट खाटेवर झोपलेत ते मोजा. निम्म्याहून जास्त आडवे असतील तर ते सेंटर नाही, महागडी धर्मशाळा आहे. दिवसाला प्रत्यक्ष थेरपी किती तास, स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतात, थेरपी चालू असताना घरच्यांना आत बसू देतात का, हे विचारा. 'आत बसता येणार नाही' म्हणाले तर दुसरं बघा. घरी आल्यावर सगळं तुम्हालाच करायचंय, तुम्हाला शिकवलं नाही तर महिन्याचे पैसे पाण्यात. मेडिक्लेम असेल तर रिहॅबचा खर्च बसतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम पॉलिसीत असतं, तेही वाचा.

पैशाचं गणित बसत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. तळमजल्यावर राहणारं कुणी नातेवाईक आहे का, तिथे दोन महिने काढता येतील का, ते बघा. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारायला संकोच कशाला?

'मीच सगळं करीन' म्हणणाऱ्या बाबांना आणखी एक सांगा. घरच्यांना व्यायाम शिकवून पेशंट घरी सोडला तर तो जास्त सुधारतो का, हे भारतातच तपासून झालंय. १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते आणि निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांच्या घरच्यांना हे शिकवलं ते आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेले बाकीचे, यांच्यात सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. म्हणजे घरच्यांचं करणं वाया जातं असं नाही. थेरपिस्टची जागा मात्र त्याने भरत नाही.

मामांच्या औषधवाल्याबद्दल. ते प्रेमाने सांगतायत, भांडू नका. पण एक लक्षात घ्या. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक पेशंटमध्ये आपोआपच थोडी सुधारणा होते, आणि त्या काळात ज्याच्या दारात जाल त्याला तिचं श्रेय मिळतं. त्या माणसाची ख्याती अशी झाली असणार. तेल लावून हलक्या हाताने मालिश करायला माझी ना नाही, आईला बरंही वाटेल. कबुतराचं रक्त, कसली पूड, कसलं इंजेक्शन हे नको. आणि त्याच्या पथ्यापायी रक्त पातळ करणारी गोळी आणि बीपीची गोळी बंद झाली, तर दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. त्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. लोणचं-पापड ताटातून गेलं पाहिजे. आई मिश्री लावत असेल तर तीही.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आई कदाचित एकदम हसायला किंवा रडायला लागेल, कारण नसताना. तो झटक्याचाच भाग असू शकतो. पण ती खायला नको म्हणते, व्यायामाला डोळे मिटून पडते, काहीच नकोसं झालंय असं दिसलं, तर डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे. 'मन खंबीर कर' हे औषध नव्हे.

तोंड पुन्हा वाकडं झालं, चांगला हात लुळा पडला, अचानक तोल गेला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'जरा वाट बघू' नाही. १०८ला फोन करा आणि नीट दिसल्याची शेवटची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे आत्ता लागू नका. सहा महिन्यांनी, सुधारणा स्थिरावल्यावर बघा.

देवघराचं राहिलंच. आई पूजा करताना पडली, त्यामुळे तिला तिथे न्यायला सगळे घाबरतील. घरी आली की तिला तिथेच न्या. खुर्ची ठेवा, घंटा डाव्या हातात द्या. कुंकू लावायला मात्र डावा हात नको. त्या हाताने तिला उजव्या हाताचं मनगट धरायला लावा, बोट करंड्यात टेकवा आणि देवापर्यंत न्या. पहिल्या दिवशी अर्धं कुंकू पाटावर सांडेल. माझ्या लेखी तो दिवसातला सगळ्यात चांगला व्यायाम.

ता. क. बाबांचं बीपी शेवटचं कधी तपासलं? हॉस्पिटलमध्ये आहातच, तर आजच तपासून घ्या.